राणीचा खोपा

आमच्या लग्नात मांडवातल्या बायका नवरीकडं पाहतच नव्हत्या. त्या नवऱ्याकडं पाहत होत्या. हळद धुवायला ह्यांनी मुंडासं काढलं आणि केस सुटले ते कमरेच्याही खाली. माझ्या मावशीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. माझी वेणी म्हणजे उंदराची शेपटी. त्या दिवशी तिला गंगावन जोडून, म्हणजे उसने केस बांधून, कशीबशी लांब केली होती. दोघांना शेजारी बसवलं आणि मागून कोणी तरी बोललंच, "देवानं उलटंच वाटप केलं बाई." सगळ्या हसल्या. मी पदराआड रडली. लोकांना वाटलं, माहेर सुटतं म्हणून रडते.

ह्यांचं नाव बकाराम. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण गोष्ट सांगायची तर एकदा घ्यावं लागतं. घेतलं. आता पुढं 'हे' म्हणीन.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या अलीकडं, तलावाच्या पाळीखाली. सगळी धानाची, म्हणजे भाताची शेती. दिवाळी झाली की गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरोघर पाहुणे, पोरींना बांगड्या, जिलेबीच्या कढया, आणि भर दुपारी दंडार. दंडारीत गाणी, नाच, सोंगं सगळं असतं, आणि बायांची सोंगं पुरुषच घेतात. दुसऱ्या गावात असा पुरुष गंगावन लावतो, लुगडं नेसतो, की झाला बाई. आमच्या गावात तसं चालत नाही. आमच्या दंडारीत एक राणी आहे. राजा लढाईत पडल्याची बातमी येते तेव्हा ती रडत नाही, बोलत नाही. खोप्याला हात घालते आणि एका झटक्यात केस मोकळे सोडते. तेवढं पाहायला लोक बैलगाड्या जुंपून येतात. दंडारीचे म्होरके भैयाजी, ढोलकीही त्यांचीच. त्यांचं म्हणणं ठाम होतं, उसन्या केसांची राणी माझ्या दंडारीत उभी राहायची नाही. ज्याचे केस, त्याची राणी.

आणि राणी हेच होते. मिसरूड फुटायच्या आधीपासून.

बाकी हा माणूस म्हणजे चारचौघांसारखाच. नांगर धरायचा, धानाच्या बांध्यांत गुडघाभर चिखलात उभं राहायचं, बैलांना शिव्या द्यायच्या. पण दसरा जवळ आला की चाल बदलायची. भाकर मोडायचे तेसुद्धा दोन बोटांनी. आणि उन्हात पाटावर बसून केस सोडले की ऐट पाहावी. "अवो, हळू. तुटतीन." माझी पोर रडत असली तरी मी आधी ते केस विंचरायचे.

तेलाचं सांगते. घरात दिव्याला मोहाच्या बियांचं तेल, भाजीला तेच. तिळाचं तेल मात्र ह्यांच्या डोक्याला. त्यात माका, आवळा, जास्वंदीची फुलं टाकून मंद आचेवर काळं होईतोवर उकळायचं. शिकेकाई कुटायची, रिठे भिजवायचे. हे सगळं करायचं कोणी? मीच. कढईला जे पुसटसं राहायचं ते मी माझ्या डोक्याला फासायची. काही उपयोग नाही. शेपटी ती शेपटीच.

विहिरीवर बायका विचारायच्या, "काऊन वो रुख्मे, आज सवतीले न्हाऊ घातलं का?" मी बादली आपटायची. पण खोटं कुठं होतं ते? नवऱ्याची बाहेर कोणी बाई असली तर तिच्या दारात जाऊन भांडता येतं. डोक्यावरच्या बाईशी कसं भांडायचं? मला ते केस देखवत नव्हते. साफ सांगते, देखवत नव्हते.

आणि त्याहून जास्त लागायची ती एक गोष्ट वेगळीच. तो खोपा बांधायची मी. सासूनं मला दाखवला होता. सगळा नाच होईपर्यंत हलला नाही पाहिजे, आणि टोक ओढलं की एकदम सुटला पाहिजे. जरा सैल झाला तर मधेच घसरेल, जरा घट्ट झाला तर राणी लोकांपुढं केस उपटत बसेल. दरवर्षी तो मी बांधायची आणि बायांमध्ये जाऊन बसायची. केस सुटले की लोक वेडे व्हायचे. "का केस हायेत बकारामचे!" गाठ कोणी बांधली, हे एकानंही कधी विचारलं नाही.

महाराष्ट्र अजून व्हायचा होता, आमचा मुलूख मध्यप्रदेशात मोजायचे, त्या काळातली ही गोष्ट. पेरणीच्या सुमाराला ह्यांना मुदतीचा ताप आला. हाडं दिसायला लागली. मी रात्रंदिवस उशाशी होती. जगले. धानाच्या रोवणीला नुसते बांधावर बसून होते. आणि भादव्यात केस गळायला लागले.

पहिल्यांदा फणीत गुच्छ आला. मग उशीवर, मग अंगावरच्या दुपट्ट्यावर, मग वरणातसुद्धा. हे एकेक केस वेचून मडक्यात टाकायचे, जणू पुन्हा चिकटवायचेच आहेत. भांग रुंद झाला. कानांच्या वर डोक्याची कातडी दिसायला लागली. मला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कायले बोलू? पण दोनच दिवस. मग ह्यांचं तोंड पाहिलं. जेवायला बसायचे आणि हात ताटात तसाच राहायचा. मरणाला भ्याला नव्हता हा माणूस, पण आता भ्याला.

मग सुरू झाले उपाय. कांद्याचा रस चोळला, घरभर वास. आंबट दही लावलं, माशा मागं लागल्या. जास्वंदीचा पाला वाटून वाटून माझे हात हिरवे झाले. शेवटी मीच धरून अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर हिंदी बोलणारा, बरा माणूस. त्यानं केस ओढून पाहिले, डोळ्याची पापणी पाहिली आणि म्हणाला, "बडे बुखार के बाद बाल झडतेच हैं. अपने आप आएंगे. तेल से कुछ नहीं उगता. दाल खाओ, मछली खाओ, और जुडा खींच के मत बांधो."

"कवा येतीन?" ह्यांनी विचारलं.

"होली के बाद दिखेंगे. अगले साल तक सिर भर जाएगा."

बाहेर आल्यावर हे झाडाखाली मटकन बसले. "मंडई का पुढच्या सालापर्यंत थांबते?"

मी म्हटलं, "एक साल राणी नाई झाले तं का होते?"

"एकदा दुसऱ्याची झाली का मंग माही होत नाई."

ते मात्र खरं होतं. कारण दुसरा तयारच होता. गावातल्याच शामकलाबाईचा उदाराम. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, गोरागोमटा, आवाज गोड. लहानपणी आजारी पडला तेव्हा आईनं नवस बोलला होता, म्हणून केसांना कात्री लावलेली नाही. धरले तर मुठीत मावायचे नाहीत. पूर्वी हे त्याला पोऱ्या म्हणून हाक मारायचे, विड्या आणायला पाठवायचे. आता भैयाजींनी त्याला तालमीला येऊन बसायला सांगितलं. नुसतं बसायला. पण ज्याला समजायचं त्याला समजलं.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. उदाराम असा चालतो, उदाराम तसा पाहतो, उदारामचे केस कसे चकाकून राहिले. मी शेण थापू का भात शिजवू, कानात उदाराम. ज्या माणसानं बायकोच्या डोक्याकडं जन्मात पाहिलं नाही, तो लोकांच्या पोराच्या डोक्याचं वर्णन करत होता. मला आता त्या पोराचाही राग यायला लागला.

"शामकला त्याले काई तरी लावते," हे म्हणाले. "जाऊन विचार."

गेली बापा. शामकलाबाई खळं सारवून राहिली होती. मी विचारलं, "उदारामच्या डोक्याले का लावता वो?"

ती हसली. "का लावू? पानी. पोट्टा आंबील पेते अना झोपते. तुमच्या घरी तं तिळाचं तेल अना माका असते. आमाले कुठं जमते?"

मी घरी येऊन सांगितलं. हे मानायला तयारच नाहीत. "लपवून राहिली. कोन सांगते असं? तू सांगितलं असतं का?" मीही सांगितलं नसतंच.

मंडई तोंडावर आली. एका सकाळी शामकलाबाईची सगळी माणसं धान कापायला गेली होती. हे कुठं गेले ते मला ठाऊक नाही. परत आले ते दुपट्ट्याखाली एक शिशी लपवून. काळं, दाट तेल. "कोनाड्यात होती, फणीच्या बाजूले," म्हणाले. "वर, कोनाचा हात नाई पोचला पायजे अशी. म्हटलं होतं ना मी तुले? हे पाहा, माक्याचं हाये. लाव."

मी बूच काढलं. वास घेतला. तिळाच्या तेलाचा वास होता, पण खाली दुसराही होता. बिब्ब्याचा. आमच्याकडं बिब्बा कोणाला माहीत नाही? जंगलात ढिगानं पडतो. बैलाचा खूर चिखलात सडला की त्याचं तेल लावतात. नुसतं माणसाच्या कातडीला लागलं तर उततं, फोड येतात.

"हे लावू नका," मी म्हटलं. "बिब्ब्यावानी वास येऊन राहिला."

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी शिशी सांडूनच टाकली होती. "तुले माहे केस कवाच देखवले नाई. आता उरले तेही नको पायजे तुले. बोल, खोटं हाये का?"

खोटं नव्हतं. म्हणूनच तर तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं ताप उतरेपर्यंत डोळा लावला नाही, तिला हा माणूस तोंडावर सांगतो की तू माझं वाईट पाहतेस. मी म्हटलं, "बसा. बसा खाली." आणि ओंजळभर तेल घेऊन टाळूवर ओतलं आणि चोळलं. रागारागानं चोळलं, मुळापर्यंत. हे डोळे मिटून म्हणत होते, "हां, अस्संच."

दुसऱ्या दिवशी माझ्या बोटांच्या सांध्यांत खाज सुटली. मनगटापर्यंत फोड आले. आणि ह्यांचं डोकं? टाळूवर सगळे फोडच फोड, पाणी भरलेले, डोळे सुजून बंद. धन्याचा पाला वाटून लावला, तूप लावलं, खोबरं लावलं. हे कण्हत होते. बैलगाडीत घालून पुन्हा त्याच दवाखान्यात. डॉक्टरनं उरलेले केस वस्तऱ्यानं काढले तेव्हा हे पोरासारखे रडले. जखम झाली म्हणून नव्हे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साइड के आएंगे. बीच में जहां जल गया, वहां अब नहीं आएंगे." मी ते ह्यांना सांगितलं नाही. पण भिंती कुठं जाड होत्या, ऐकलंच असणार.

गावात आलो तर शामकलाबाई घरोघर विचारत फिरत होती, "आमच्या बैलाच्या खुराची शिशी कोनं नेली का वो?" आमच्या दारात आली. ओसरीवर हे डोक्याला फडकं गुंडाळून पडलेले. माझे हात पदरानं झाकलेले, तरी दिसतच होते. तिनं एकदा ह्यांच्या डोक्याकडं पाहिलं, एकदा माझ्या हातांकडं. मला वाटलं, आता ही गाव गोळा करते. पण ती हळूच म्हणाली, "मागतली असती तं सांगतली असती ना भाऊ, बैलाची हाये म्हणून." आणि गेली. ओरडली असती तर परवडलं असतं. हे भिंतीकडं तोंड करून निजले ते दिवसभर उठले नाहीत.

मंडईच्या दिवशी सकाळी भैयाजी आले. चहा घेतला, धानाचं विचारलं, तलावाचं विचारलं. मग खाली पाहून म्हणाले, "बकाराम, उदारामले उभं करतो. पन खोपा कोनाकडूनच जमून नाई राहिला. त्याच्या मायनं बांधला तं सुटतच नाई. मी बांधला तं चालताच सुटते." मग माझ्याकडं पाहिलं. "सूनबाई, तू बांधशील का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी आठवलं होतं की तो खोपा कोणी तरी बांधतं.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "बांधंल ना. काऊन नाई बांधनार?" आवाज इतका गोड की मलाच भीती वाटली. भैयाजी गेले. तसे हे माझ्याजवळ सरकले. "असा बांध का सुटला नाई पायजे. ओढू दे बेट्याले सगळ्या गावासमोर."

मी फणी आणायला आत गेली.

उदाराम आला, लाजत, माझ्यापुढं खाली बसला. "काकी, दुखते का वो हात?" त्यानं विचारलं. बोटांची साल निघत होती, दुखत होतीच. ते केस मी हातात घेतले. जड, थंड, नुकते धुतलेले. ह्यांच्या केसांपेक्षा चांगले होते, आता सांगायला काय हरकत आहे? हे समोर खांबाला टेकून बसले होते, एकटक. माझ्या बोटांकडं पाहत होते. मी पेच घेतला, दुसरा घेतला, टोक आत खोचलं, दोनदा दाबून पाहिलं. उदाराम उठला, माझ्या पाया पडला आणि पळाला.

"कसा बांधला?" ह्यांनी विचारलं.

"पाहाल ना," मी म्हटलं.

दंडारीला हे येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण डोक्याला दुपट्टा गुंडाळून आले आणि पुरुषांत न बसता बायांच्या कडेला, माझ्या शेजारी बसले. दुपारचं ऊन, धूळ, माणसांवर माणसं. राणी आली. पोरगा नाचला बरा, चांगलाच नाचला. ह्यांचं प्रत्येक पावलावर काही ना काही चालूच. "हात खाली पडला. मान वाकडी हाये. घाई करून राहिला." मग बातमी आली, राजा पडला. ढोलकी थांबली. उदारामचा हात खोप्याकडं गेला आणि ह्यांनी माझं मनगट धरलं, फोडांवरच.

त्यानं टोक ओढलं. आणि सगळे केस एकदम, एकाच वेळी, खांद्यावरून कमरेपर्यंत सुटले. अडकलं नाही, घसरलं नाही. लोक आधी गप्प. मग जो गलका झाला, तो ह्यांच्या वेळी कधी झाला नव्हता.

ह्यांनी मनगट सोडलं. घरी जाताना तलावाच्या पाळीवर आल्यावर थांबले. मला वाटलं आता मार खाते. पण हात उठला नाही. म्हणाले, "माह्या डोक्यावर एवढा चांगला खोपा तू एकदाही नाई बांधला."

"नाई बांधला," मी म्हटलं. "टाळ्या तुमाले भेटत होत्या ना."

ते पाण्याकडं वळले. मग म्हणाले, "पुढच्या साली त्याच्या केसाले तू हात लावाचा नाई."

"मंग कोन लावंल?"

"मले शिकव."

शिकवलं. माझ्याच डोक्यावर, ह्या शेपटीवर. हात जड, सहा महिने माझे केस उपटले, पण शिकले. कडेचे केस होळीनंतर डॉक्टर म्हणाला तसे आले, मधली टाळू मात्र चकचकीत राहिली. तेव्हापासून उदारामचा खोपा हेच बांधतात. मला जवळही येऊ देत नाहीत. आता तर दुसऱ्या गावचे लोक न्यायला येतात, मंडईच्या दिवसांत हे घरी सापडत नाहीत.

आणि लोक काय म्हणतात? खोपा पाहावा तर बकारामच्या हातचा. परवाच्या मंडईत माझ्यामागं बसलेली एक नवी सून शेजारणीला सांगत होती, का कला हाये बुवाच्या हातात. मी वळून तिला म्हटलं, तो खोपा माझा आहे, मी शिकवला त्यांना. तिला खरं वाटलं नाही. तिनं माझ्या डोक्यावरचा एवढासा बुचडा पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसली.